कॉर्नेल टिब्सचा डावा गुडघा

सप्टेंबरच्या पहिल्या बुधवारी, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, कॉर्नेल टिब्सच्या डाव्या गुडघ्याला दुखापत झाली. त्या वेळी कॉर्नेल पोर्ट हेलन ड्रेजर्स या अमेरिकन फुटबॉल संघाच्या उपाहारगृहात मॅकरोनी-चीज खात बसला होता. गुडघा टेबलाखाली होता, शांत होता, आणि आपल्याला काही झालं आहे याची त्याला कल्पना नव्हती. कॉर्नेललाही नव्हती. बातमी दिली ती भिंतीवरच्या टीव्हीने. पडद्याच्या तळाशी सरकणाऱ्या पट्टीत अक्षरं आली: ड्रेजर्स, टिब्स, किकर, डावा गुडघा, खेळण्याबाबत साशंक. कॉर्नेलने काटा खाली ठेवला, टेबलाखाली हात घालून गुडघा चाचपला आणि शेजारच्याला विचारलं की आपल्या संघात आणखी कोणी टिब्स आहे का. नव्हता.

कॉर्नेल एकतीस वर्षांचा होता आणि त्याचं काम एका वाक्यात सांगण्यासारखं होतं. चेंडू लाथेने उडवून दोन उंच पिवळ्या खांबांच्या मधून पार करायचा, की संघाला तीन गुण. बाकीचे खेळाडू तासभर एकमेकांच्या अंगावर रेड्यासारखे आदळत असतात. किकर कपड्यांना चिखल न लावता येतो, एक लाथ मारतो आणि जातो. त्यामुळे लग्नघरातल्या फोटोवाल्याकडे पाहतात तसं त्याच्याकडे पाहतात. पंगतीत तो असतोच, पण घरचा नसतो. कॉर्नेल तर पंगतीतही कधी बसला नव्हता. आठ वर्षांत पाच संघांनी त्याला ऑगस्टमध्ये बोलावलं, सरावाच्या सामन्यांत लाथा मारून घेतल्या, आणि खरे सामने सुरू व्हायच्या आदल्या दिवशी पाठीवर हात ठेवून घरी पाठवलं.

लीगच्या मुख्यालयात एक नोंदवही आहे. मोजल्या जाणाऱ्या सामन्यात जो माणूस एका डावापुरता जरी मैदानात उतरला, त्याच्या नावाची एक ओळ त्या वहीत पडते, आणि एकदा पडलेली ओळ कोणी पुसत नाही. शंभर वर्षांपूर्वी अर्धा तास खेळून पुढे आयुष्यभर दूध घालत फिरलेल्या माणसाचीही ओळ तिथे आहे. कॉर्नेलला ती ओळ हवी होती. या वर्षी, जन्मगावच्या संघात, ऑगस्ट सरला तरी त्याचं नाव यादीत टिकलं होतं. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं काढलेल्या त्याच्या आईने, व्हर्नाने, पहिल्या सामन्यासाठी नवी टोपीही विणून ठेवली होती.

म्हणून तो मॅकरोनी तशीच टाकून मिल्टन पीव्हीच्या खोलीत गेला. पीव्ही हा संघाचा इजापत्रक लिहिणारा कारकून. लीगचा नियम असा की दर बुधवारी प्रत्येक संघाने आपले जखमी खेळाडू कोण, कुठे जखमी आणि किती जखमी हे जाहीर करायचं. प्रतिस्पर्ध्याला अंधारात ठेवू नये, सामन्यावर पैज लावणाऱ्या सभ्य गृहस्थांची फसवणूक होऊ नये, असा त्यामागचा उदात्त हेतू. पीव्ही हे काम सव्वीस वर्षं निष्ठेने करत होता.

"पीव्ही, मला काहीही झालेलं नाही," कॉर्नेल म्हणाला.

"माहीत आहे मला. काही झालं असतं तर तुझं नाव घातलंच नसतं. खरे जखमी आपण कधीच लिहीत नाही."

मग पीव्हीने त्याला पद्धत समजावली. मुख्य प्रशिक्षक ब्रूस स्टॉकर्ट यांच्या मते प्रतिस्पर्ध्याला खरं सांगणं म्हणजे त्याला आपल्या ताटातलं वाढणं. म्हणून ज्याचा खांदा खुंटीला टांगलेल्या सदऱ्यासारखा लोंबत होता तो ठणठणीत म्हणून नोंदवला गेला होता, आणि यादी अगदीच रिकामी दिसू नये म्हणून चार धडधाकट माणसं जखमी केली होती. सगळेच संघ हे करतात. सगळ्यांना ते ठाऊक असतं. त्यामुळे फसवणूक कोणाचीच होत नाही. रविवारी कॉर्नेल खेळणारच होता. फक्त बुधवार ते शनिवार गुडघा दुखत असल्याचं त्याने मनावर घेऊ नये, एवढीच संघाची अपेक्षा होती.

कॉर्नेलने मनावर घेतलं नाही, आणि घोळ तिथेच झाला. शनिवारच्या सरावाला लीगच्या निरीक्षक बाई वही घेऊन आल्या. खेळण्याबाबत साशंक असलेला माणूस पन्नास यार्डांवरून चेंडू खांबांमधून काढतो आहे, हे त्यांनी अकरा वेळा पाहिलं आणि पीव्हीला विचारलं की यांचा नेमका कोणता गुडघा. पीव्हीने डावा म्हणून सांगितलं. बाईंनी लिहून घेतलं.

स्टॉकर्ट विचारी माणूस होता. इजापत्रक खोटं होतं असं कबूल करणं म्हणजे सव्वीस वर्षांची इजापत्रकं उकरायला फावडं हातात देणं. कागद माणसाप्रमाणे बदलता येत नव्हता, म्हणून त्याने माणूस कागदाप्रमाणे बदलायचं ठरवलं. कॉर्नेलला रविवारी बाहेर बसवण्यात आलं. त्याच्या जागी टॅनर वॉइचिक नावाच्या माणसाला बोलावलं. हा कॉलेजात असताना लाथा मारायचा; फोन गेला तेव्हा तो एका गोदामाच्या छपरावर पत्रे ठोकत होता. शेवटच्या मिनिटाला टॅनरने मारलेला चेंडू खांबांकडे न जाता मोहरीची चटणी विकणाऱ्याच्या गाड्यावर पडला. ड्रेजर्स एका गुणाने हरले.

मंगळवारी लीगचं पत्र आलं. आपल्या खेळाडूच्या दुखापतीबद्दल लीगला मनःपूर्वक खेद आहे. सोबत पुरावा जोडावा.

पुराव्यासाठी संघाचे डॉक्टर लिंडक्विस्ट यांनी गुडघ्याचं क्ष-किरण चित्र काढलं आणि दिव्यासमोर धरून ते बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. वीस वर्षांत इतका सुंदर गुडघा आपल्या हाताखालून गेला नाही, असं ते म्हणाले, आणि एक प्रत त्यांनी स्वतःच्या भिंतीसाठी ठेवून घेतली. अहवालात त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं की तपासणीत कोणतीही इजा आढळली नाही. पीव्हीने कपाळाला हात लावला. स्टॉकर्टने मात्र अहवाल दोनदा वाचला आणि शांतपणे सांगितलं की आढळली नाही याचा अर्थ ती खोल आहे. वरवरची असती तर आढळली असती. त्या बुधवारी कॉर्नेल 'साशंक'वरून घसरून 'बाद' या सदरात गेला. लीगचं समाधान झालं. आपल्याच माणसाला खोटंखोटं आधीपेक्षा जास्त आजारी कोण ठरवेल?

आता जो बाद आहे त्याने बाद दिसायला हवं. कॉर्नेलच्या मांडीपासून पोटरीपर्यंत लोखंडी पट्ट्यांचा साचा बसला. दोन कुबड्या मिळाल्या. रोज सकाळी आठ ते बारा गुडघ्यावर बर्फ, बारा ते दोन शेक. सार्वजनिक ठिकाणी लंगडण्याच्या लेखी सूचना आल्या. एकदा तो वाणसामानाच्या दुकानात बटाट्यांची पिशवी सावरताना गोंधळला आणि भलत्याच पायाने लंगडला. कोणीतरी फोटो काढला. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात अस्थितज्ज्ञांचा लेख होता की डाव्याचा भार उजव्यावर येऊन आता उजवाही गेला. पीव्हीने कात्रण कापून फाइलला लावलं आणि बुधवारी दोन्ही गुडघे लिहिले.

टीव्हीवर एक निवृत्त खेळाडू विश्लेषण करायचा. त्याचा जबडा फावड्याएवढा होता आणि आवाज त्याहून मोठा. त्याने ऑगस्टमधल्या सराव सामन्याचं चित्रण थांबवून, लाल बाण काढून, गुडघा निखळला तो क्षण देशाला दाखवला. त्या लाथेवर चेंडू खांबांच्या बरोबर मधून गेला होता, हे सोबतच्या बाईने निदर्शनास आणलं. "बघा ना," तो गहिवरून म्हणाला, "एवढ्या वेदनेत."

ऑक्टोबर संपेपर्यंत ड्रेजर्स सात हरले होते, बहुतेक दोन-तीन गुणांनी. आणि इथून खरी पंचाईत सुरू झाली, कारण गुडघा गावाला मानवू लागला.

पोर्ट हेलनचे लोक चाळीस वर्षं हरत आले होते, पण बिनकारण. कॉर्नेलच्या शेजारचा युजीन क्लाबर, टपालखात्यातून निवृत्त झालेला, एकेचाळीस वर्षं मैदानातल्या एकाच खुर्चीचा धनी. रविवारी सकाळी सातलाच तो मैदानाबाहेर गाडी लावायचा, मागचं झाकण उघडून शेगडी पेटवायचा, आल्यागेल्याला सॉसेज खिलवायचा आणि संध्याकाळी घरी येऊन टीव्हीवर बूट फेकायचा. आता त्याचे बूट पायातच राहू लागले. गुडघा असता तर जिंकलो असतो, एवढं म्हटलं की त्याला झोप लागायची. त्याने दंडावर गुडघा गोंदवून घेतला. गोंदणाऱ्याने जीव ओतला होता, तरी लोक त्याला बटाटा समजायचे. पहिला बर्फ पडला आणि नगरपालिकेची बर्फ उपसणारी वाहनं दुपारपर्यंत फिरकली नाहीत, तेव्हा महापौरांनीही निवेदनात म्हटलं की टिब्सच्या गुडघ्यामुळे शहराचं मनोबल सध्या खचलेलं आहे. लोकांना ते पटलं. ज्याच्या घराची पन्हळ तुंबली होती, ज्याचा मेव्हणा बोलत नव्हता, ज्याची बढती हुकली होती, तो प्रत्येक जण हळूहळू त्या गुडघ्यावर येऊन टेकला. संघाच्या मालकाने स्टॉकर्टचा करार तीन वर्षांनी वाढवला. गुडघ्याशिवाय एवढं जेमतेम हरणं हे त्याला कर्तृत्व वाटलं.

एका शुक्रवारी व्हर्नाने मुलाला धुतलेल्या कपड्यांची टोपली डोक्यावर घेऊन दोन-दोन पायऱ्या चढताना पाहिलं.

"पाय तर बरा दिसतोय," ती म्हणाली.

"कधी दुखलाच नव्हता, मम्मा."

व्हर्नाने इस्त्री उभी ठेवली. सगळं ऐकून घेतलं. मग तिने विचारलं की गेले दोन महिने चर्चच्या बायकांनी पाठवलेली अकरा भांडी भरून चिकन-भात कोणी खाल्ला. तो त्याने खाल्ला होता. "मग उठ आणि खरं सांगून ये," ती म्हणाली. "फुकटचं खाऊन आजारी पडायला मी तुला वाढवलं नाही."

तो गेला. वर्तमानपत्राच्या कचेरीत जाऊन, साचा काढून, टेबलावरून उडी मारून दाखवून त्याने सांगितलं की आपल्याला काहीही झालेलं नाही आणि कधीही झालेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर मथळा होता की टिब्स वेदना नाकारतो. संपादकांनी अग्रलेखात लिहिलं की या शहराला आज अशाच माणसांची गरज आहे. नोव्हेंबरअखेर, आभाराच्या सणाला, टर्की कापायच्या आधी, संघाने त्याला धैर्याबद्दलचं मानचिन्ह दिलं. ते स्वीकारायला कुबड्या घेऊन यावं, असं निमंत्रणात छापलेलं होतं.

मग तो डॉक्टर लिंडक्विस्टकडे गेला. बाद माणसाला पुन्हा मैदानात उतरवायचं तर डॉक्टरांचा बरा झाल्याचा दाखला लागतो. डॉक्टरांनी गुडघा वाकवून पाहिला, उलटसुलट पाहिला, भिंतीवरच्या चित्राशी ताडून पाहिला.

"दाखल्यात सुधारणा लिहावी लागते," ते हळहळून म्हणाले. "आधी असा होता, आता असा आहे. तुझा आधीही असाच होता. मी सुधारणा लिहू कशात?"

"जे आहे ते लिहा ना, डॉक्टर."

"जे आहे ते लिहिलं, तर तीन महिन्यांत काडीची सुधारणा नाही असंच होतं. मग प्रकरण शस्त्रक्रियेकडे जातं. तू म्हणत असशील तर लिहितो."

कॉर्नेल तसं म्हणाला नाही.

राहिले रेव्हरंड मोल्ट्री. ते टेकडीवरच्या चर्चचे पास्टर. त्यांनी कॉर्नेलला पाळण्यात पाहिलेलं. साधं बोलताना ते अडखळायचे, पण व्यासपीठावर उभे राहिले की बोलता बोलता आवाजाला सूर लागायचा, ऑर्गनवाला त्या सुराला हात द्यायचा, आणि पुढचा पाऊण तास उपदेश गाण्यातून वाहायचा. एक ओळ ते म्हणायचे, तिचं उत्तर बाकांवरून यायचं. मोठमोठे बाप्ये रुमाल शोधायचे. कॉर्नेलने त्यांच्याजवळ मन मोकळं केलं. म्हाताऱ्याने त्याचा हात हातात घेतला, डोळे मिटले, आणि सांगितलं की येत्या रविवारी सकाळी आपण हे देवासमोर मांडू.

त्या रविवारी ते असे गायले की खिडक्यांच्या काचांना वाफ धरली.

"देवाने माणसाला पाय दिले, तेव्हा दाखला मागितला का?"

बाकांवरून उत्तर आलं, नाही मागितला.

"काल जन्मलेलं वासरू उभं राहिलं, तेव्हा त्याने कोणाची सही घेतली का?"

नाही घेतली, नाही घेतली.

"मग देवाने चालता केलेल्या माणसाला लंगडा म्हणणारे, सांगा, तुम्ही कोण?"

ऑर्गन कळवळला. बायका रडू लागल्या. पुढच्या बाकावरच्या तिघीजणी उठल्या, कॉर्नेलच्या पायाशी बसल्या आणि त्यांनी साच्याच्या फटींतून त्याच्या गुडघ्यावर तेल ओतलं, की देवा, या लंगड्याला चालव. रेव्हरंडांनी रुमालाने मान पुसली. उपदेश पोचला होता, पण दुसऱ्याच पत्त्यावर. गाऊन सांगितलेला शब्द कानात रेंगाळत नाही, सरळ छातीत उतरतो, ही त्याची थोरवी. पण छातीत आधीच कोणी गुडघा भरून ठेवला असेल तर बिचाऱ्याने टेकावं कुठे?

असा जानेवारी उजाडला. सतरा सामन्यांतला शेवटचा सामना, घरच्या मैदानावर. त्याआधीच्या सोळांपैकी ड्रेजर्सनी दोन जिंकले होते. बर्फ आडवा पडत होता. बासष्ट हजार लोक कांबळी पांघरून आले होते आणि हरायची त्यांची संपूर्ण तयारी होती. वरच्या रांगेत व्हर्ना विणलेली टोपी घालून बसली होती. कॉर्नेल मैदानाच्या कडेला, लांब कोट, साचा आणि दोन कुबड्यांसह, टीव्हीला दिसेल असा उभा होता.

चार सेकंद उरले तेव्हा ड्रेजर्स दोन गुणांनी मागे होते आणि खांब एकेचाळीस यार्डांवर. लाथेचे तीन गुण मिळाले तर सामना जिंकणार होते. टॅनर कडेला पाय मोकळा करत होता. त्याने हवेत एक लाथ मारली, घसरला आणि घोट्यावर पडला. घोटा सगळ्यांच्या देखत पावाच्या पिठासारखा फुगला. सबंध मोसमात ड्रेजर्सच्या किकरला झालेली ही पहिली दुखापत. स्टॉकर्टने खेळ थांबवून घेतला, कॉर्नेलकडे पाहिलं आणि मग पीव्हीकडे पाहिलं. पीव्हीने मान हलवली. आजच्या खेळाडूंची यादी सामन्याआधी दीड तास लीगला जाते. तीत टॅनर होता, कॉर्नेल नव्हता. यादीबाहेरचा माणूस मैदानात उतरवता येत नाही.

"यादीत टॅनर आहे ना?" स्टॉकर्ट म्हणाला. "मग टॅनरच जाईल. काढा त्याचा शर्ट."

टॅनर वॉइचिक सहा फूट चार इंच, गोरापान, छातीपर्यंत लाल दाढी. कॉर्नेल पाच फूट आठ, काळा, गुळगुळीत दाढी केलेला. मैदानाच्या कडेच्या शेकोटीमागे नेऊन त्याला सहा नंबरचा शर्ट चढवला तो मांड्यांपर्यंत आला. टॅनरला कांबळ्यात गुंडाळून पाण्याच्या पिंपांमागे निजवलं.

"आणि नाव?" कॉर्नेलने विचारलं. "नोंद कोणाच्या नावावर पडेल?"

"नाव सोमवारी दुरुस्त करू. आता जा."

कॉर्नेलने साचा काढून टाकला. कुबड्या पीव्हीच्या हातात दिल्या. पीव्ही त्या घेऊन उभा राहिला, आणि त्याला त्या का कोण जाणे शोभून दिसल्या. मग कॉर्नेल मैदानात धावत गेला. लंगडायचं विसरला. भोंग्यावरच्या माणसाने हातातला कागद वाचून घोषणा केली की किकर, सहा नंबर, वॉइचिक. पण मैदानाच्या टोकाला सहा मजली उंच पडदा होता, आणि त्यावर कॉर्नेल टिब्सचा चेहरा सहा मजली दिसत होता. बासष्ट हजार माणसं कांबळी आवळून बसून राहिली. वरच्या रांगेत एक विणलेली टोपी तेवढी उभी राहिली.

चेंडू आला. धरणाऱ्याने तो बर्फात टेकवला. कॉर्नेलने आठ वर्षांत हजारो वेळा मारली होती तीच लाथ मारली. चेंडू उठला, बर्फातून कापत वर गेला आणि दोन्ही खांबांच्या इतक्या बरोबर मधून गेला की मोजपट्टी लावली असती तरी बोटभर फरक निघाला नसता. ड्रेजर्स एका गुणाने जिंकले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण परक्याच्या बारशाला आल्यासारख्या. क्लाबरने बाही वर करून दंडाकडे पाहिलं आणि बाही खाली केली. परतताना गाड्यांच्या रांगांमधून कोणी भोंगे वाजवले नाहीत. मनातून जो तो हिशेब मांडत होता की गुडघा जर धड होता, तर आपली पन्हळ तुंबली कशाने.

सोमवारी लीगच्या वहीत टॅनर वॉइचिकच्या ओळीत एक आकडा वाढला: एकेचाळीस यार्ड, यशस्वी. कॉर्नेल स्टॉकर्टकडे गेला. स्टॉकर्टने त्याला खुर्ची दिली आणि वडीलकीने समजावलं. ती लाथ तुझी म्हटली तर तू यादीत नसताना खेळलास, सामना रद्द. तू खेळू शकत होतास म्हटलं तर सगळी इजापत्रकं खोटी, मोसम रद्द. तेव्हा सगळ्यांच्या हिताचं एवढंच आहे की ती लाथ ज्याच्या नावावर पडली त्याचीच होती. आणि नव्या मोसमासाठी संघ कॉर्नेलला मोकळं करत आहे, कारण डाव्या गुडघ्याचा भरवसा उरलेला नाही. टॅनर कुबड्यांवर दारापर्यंत आला. ती तुझी लाथ आहे हे मला ठाऊक आहे, असं तो हळूच म्हणाला, आणि खाली बघत राहिला. त्याच्याशी दोन वर्षांचा करार झाला होता. छपरावर परत चढायची त्याची इच्छा नव्हती.

लीगकडे चुकीच्या नोंदीविरुद्ध अर्ज करता येतो. अर्ज साधा आहे. घटना प्रत्यक्ष पाहिलेल्या दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. साक्षीदार अर्जदाराचा नातेवाईक नसावा आणि संघाचा नोकर नसावा. व्हर्ना पहिल्याच अटीत गळाली. तरी बासष्ट हजारांतून ती एक वजा करून भरपूर उरत होते. कॉर्नेल आधी शेजारीच गेला.

क्लाबरने त्याला आत घेतलं, कॉफी दिली, अर्ज दोन्ही बाजूंनी वाचला.

"पाहिलं तर मी," तो म्हणाला. "माझ्या खुर्चीतून खांब नाकासमोर येतात. पण कॉर्नेल, वहीत वॉइचिक आहे. भोंग्यावर वॉइचिक म्हणाले. आणि बर्फ किती होता."

"क्लाबरकाका, मी सहा मजली दिसत होतो."

"दिसत होतास. पण मग चार महिने मी हळहळत कशासाठी होतो, ते सांग." त्याचा हात आपोआप दंडावर गेला होता. "माझं वय एकोणसत्तर. हे आता पुसलं जाणार नाही."

न्हाव्याने सांगितलं की त्याचं लक्ष त्याच वेळी सॉसेजकडे होतं. तेल ओतणाऱ्या तिघीजणी म्हणाल्या की गुडघा बरा झाला असता तर देवाने त्यांना आधी कळवलं असतं. फावड्या जबड्याच्या विश्लेषकाने चित्रण थांबवून लाल बाण काढले आणि देशाला दाखवलं की थंडीने माणूस आखडतो, दाढी गोठून शर्टात जाते. मार्च येईपर्यंत पोर्ट हेलनमध्ये ती लाथ कॉर्नेलने मारलेली पाहिली होती असा माणूस उरला नाही. आणि त्याच्या बिचाऱ्या गुडघ्याची चौकशी मात्र रस्त्यात सगळे करत.

रेव्हरंड मोल्ट्रींनी सही केली. ते त्या दिवशी मैदानात होते, सगळ्यात वरच्या रांगेत, व्हर्नाच्या शेजारी. त्यांनी चष्मा लावला, "मी पाहिलं" एवढं मोठ्या अक्षरांत लिहिलं, आणि त्याला जणू चाल असावी तसं गुणगुणत खाली नाव घातलं.

दुसऱ्या साक्षीदाराची रेघ अजून कोरी आहे. अर्जाला मुदत नाही. व्हर्नाने तो स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून लावून ठेवला आहे. आता त्या बुधवारी चार वाजून दहा मिनिटांपासून, मॅकरोनीच्या टेबलापासून, बर्फातल्या लाथेपर्यंत सगळं पहिल्यापासून पाहिलेला आणखी एक माणूस आहे. तो टिब्सांचा नातेवाईक नाही, ड्रेजर्सचा नोकर नाही, आणि ही गोष्ट या क्षणी त्याच्याच हातात आहे. सही करायला आपली हरकत नाही, फक्त आधी लीगच्या वहीत काय लिहिलं आहे ते एकदा बघून घ्यावं, असं जर तुमच्या मनात आलं असेल, तर कळवा. क्लाबरच्या पलीकडचं घर रिकामं आहे, आणि शेजार तुमच्या ओळखीचाच निघेल.